शेवटची ओळ वाचणारे चंद्रात्रेसाहेब

चंद्रात्रेसाहेब कोणताही कागद शेवटच्या ओळीपासून वाचत आणि बहुतेक वेळा तिथेच थांबत. माझ्या लग्नाच्या पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असं होतं. तेवढं वाचून त्यांनी समाधानाने पत्रिका मिटली आणि लग्न कोणाचं आहे हे दोन दिवसांनी शिपायाला विचारलं. “वर सगळा पाल्हाळ असतो, मुद्दा तळाशी असतो,” हे त्यांचं ब्रीद. तरुणपणी नाशिकहून सुरतेला आलेला हा गृहस्थ आमच्या कंपनीत सर्वांत ज्येष्ठ होता आणि ते कोणाला विसरू देत नसे.

आमची कंपनी कापडाच्या रंगाई मिलच्या मशीनवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिते. ऑपरेटरने तापमान किती लावलं, कधी लावलं, याची नोंद त्यात राहते. काही बिघडलं की ती नोंद आम्ही डीबगरमध्ये उघडतो. डीबगर काळ्या खिडकीत प्रोग्रामच्या पोटातलं ओळीओळीने लिहून दाखवतो. तो वापरायला मला साहेबांनीच शिकवलं, आणि शिकवताना कधी हात आखडला नाही, हे कबूल करायला हवं. पण त्या ओळी वाचायचाही त्यांना कंटाळा. म्हणून त्यांनी डीबगरला जोडायचा एक छोटा प्रोग्राम, त्यांच्या भाषेत ‘जोडकाम’, लिहिला होता. ते सगळ्यात खालची ओळ उचलायचं आणि लाल अक्षरांत दाखवायचं: ‘ऑपरेटरचा शेवटचा हुकूम’. या शोधाचा त्यांना इतका अभिमान, की नव्या माणसाला पाणी विचारायच्या आधी ते दाखवत.

एकदा सुरतेजवळच्या पलसाण्याच्या एका मिलमध्ये गडद निळ्या कापडाचा अख्खा लॉट डागाळला. मशीनवर सुकलाल होता. नवागामला आमच्याच गल्लीत राहणारा, वीसेक वर्षं रंगाईत घालवलेला. तापमान लागतं तसं एकशेतीसला नेलं होतं, असं तो सांगत होता. मिलने नोंद आमच्याकडे पाठवली. साहेबांनी जोडकाम चालवलं, लाल अक्षरांत एकशेदहा आलं. पलसाण्याला जाऊन मशीन बघावं असं त्यांना वाटलं नाही. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. फोनवर त्यांनी मिलच्या शेठला निकाल दिला आणि संध्याकाळपर्यंत सुकलालला घरी बसवलं गेलं.

दोन दिवसांनी तो मला गल्लीत भेटला. ना राग, ना तक्रार. एवढंच म्हणाला, “ताई, मी एकशेतीसच लायेल व्हतं. माले कोनी इचारंच नही.” मला फार लाज वाटली, कारण विचारलं मीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ती नोंद उघडली आणि सगळ्या ओळी वाचल्या. एकशेतीस होतं. वरून तिसऱ्या ओळीत, एकशेदहाच्या नंतरची वेळ लावून. या नोंदी सांभाळायला आम्ही दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, म्हणजे लायब्ररी, वापरतो. तिच्या जुन्या आवृत्तीत नोंदी आल्या त्याच क्रमाने डीबगरमध्ये उमटत. मिलच्या नव्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती होती, आणि तिला क्रमाशी देणंघेणं नव्हतं. शेवटची ओळ आता नुसतीच खालची ओळ होती. प्रत्येक ओळीत वेळ लिहिलेली होती, पण ती बघायची तर वाचावं लागतं. डाग पडले ते वाफेचा व्हॉल्व्ह अडकल्याने, हे मिलच्या फिटरला नंतर सापडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती.

मी साहेबांना दोन्ही आवृत्त्यांतली तीच नोंद शेजारी शेजारी ठेवून दाखवली. त्यांनी आधी दोन्हींच्या तळाची ओळ बघितली. मग म्हणाले, “लायब्ररीवाल्यांनी न सांगता क्रम बदलला.” सांगितलं होतं. बदलांच्या यादीत, पहिल्याच परिच्छेदात. साहेबांनी तासाभरात दुरुस्ती केली: आधी आवृत्ती तपासायची, मग नोंदी वेळेप्रमाणे लावायच्या. झकास केली, त्यांची अक्कल कुठे गेली नव्हती. आणि मिलला कोण सांगणार? “पुढच्या अपडेटमध्ये जाईलच की,” म्हणाले. मी म्हटलं, सुकलाल अपडेटमध्ये जात नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.

शेवटी आम्ही दोघं पलसाण्याला गेलो. सुकलाललाही बोलावलं होतं. तो दाराशीच उभा राहिला. साहेबांनी शेठला गुजरातीत पाऊण तास लायब्ररी समजावली. तिच्या लेखकांची बेजबाबदारी, नव्या पिढीची घाई, सगळं आलं. ‘माझी चूक’ हे दोन शब्द तेवढे आले नाहीत. शेठला त्यातलं एवढंच कळलं की ऑपरेटर निर्दोष आहे आणि हे साहेब ते सांगायला मुद्दाम आलेत. त्याने सुकलालला उद्यापासून यायला सांगितलं.

सुकलाल पुढे झाला आणि चंद्रात्रेसाहेबांच्या पाया पडला. ज्याने नोकरी घालवली त्याच्याच. मला वाटलं, आता तरी या माणसाची मान खाली जाईल. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “असू दे, असू दे,” म्हणाले, “यापुढे लक्ष देऊन काम करत जा.”

गेल्या वर्षी साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी हीच हकिकत सांगितली: एका गरीब कारागिरावर अन्याय झाला होता, आणि आपण स्वतः पलसाण्याला जाऊन त्याची नोकरी कशी वाचवली. नाटक नव्हतं ते. त्यांना ते खरंच वाटत होतं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एक तारखेपासून त्यांची खुर्ची मला मिळणार होती.