समासातला शिक्का

जपानातल्या आमच्या ओझू गावात सेत्सुयो घाबरट म्हणूनच ओळखली जाते, आणि ते खोटं नाही. बाई मांजरालासुद्धा "सरकतेस का गं जरा?" असं विचारते. नवरा गेल्याला सतरा वर्षं झाली, तेव्हापासून त्याच्या घराण्याचं मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट लगद्याचं, दुकान ती एकटी चालवते. मागे वखारीत देवदाराची सहा जुनी पिंपं, त्यांत सोयाबीन वर्ष वर्ष मुरत पडलेलं, आणि पुढे रस्त्याकडेला विक्रीची एक फळी. गल्लीतली माणसं घरून वाडगा घेऊन येतात, ती लाकडी पळीनं मिसो भरून देते. भरायला अर्धं मिनिट आणि गप्पांना अर्धा तास. एवढ्या घाबरट बाईला त्या फळीमागे मात्र कुणाची भीती वाटत नाही. तिथं ती मलासुद्धा दरडावते, "काका, खारट कमी खा, बीपी आहे तुम्हाला."

मी समोरचा शिक्केवाला, इसाकु. वय चौऱ्याहत्तर. आमच्याकडे कागदावर सहीऐवजी नावाचा शिक्का मारतात; लोकांची नावं उलटी कोरण्यात जन्म गेला.

या हिवाळ्यात व्यापारी मंडळानं छोट्या दुकानदारांसाठी ऑनलाइन वर्ग काढला. धंद्याचा आणि करारांचा कायदा, अगदी पहिल्या पायरीपासून, आठ धडे. सेत्सुयोनं नाव घातलं ते हौसेनं नव्हे. मंडळाच्या बाईंनी विचारलं आणि हिला नाही म्हणता आलं नाही. वखारीच्या भिंती हातभर जाड, तिथं नेट धरत नाही. म्हणून दर मंगळवारी दुपारी तीन वाजता ती टॅब घेऊन माझ्या दुकानात, रॉकेलच्या शेगडीपाशी येऊन बसायची. माझी काय अडचण? सरकारी कचेऱ्यांनी शिक्के मागणं बंद केल्यापासून मी माश्याच मारतो, आणि हिवाळ्यात त्याही मिळत नाहीत.

शिकवणाऱ्या वकीलबाई पिवळ्या कोटातल्या, बोलायला गोड. पण पहिल्याच धड्यानं सेत्सुयोच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका, तोंडी करारसुद्धा करारच असतो म्हणे!"

"मग?"

"मग काय मग! तांदूळवाल्याला मी गेल्या वर्षी म्हटलंय, पुढच्या वर्षी बघू. झाला का तो करार?"

"अगं, 'बघू' म्हणजे आपल्यात 'नाही'च असतं की."

"तुम्हाला माहितीये, मला माहितीये. कायद्याला माहितीये का?"

मी पोट धरून हसलो. ती हसली नाही. त्या रात्री म्हणे तिनं आठवून आठवून वहीत लिहून काढलं, कुणाकुणाला कधी 'हो' म्हणून बसलोय ते. चार पानं भरली! दुसऱ्या धड्याला ती वही घेऊन आली आणि प्रत्येक 'हो'पुढे प्रश्नचिन्ह काढत बसली. तिसऱ्या-चौथ्या धड्यापर्यंत मी तिला चिडवून चिडवून थकलो. "वाचलं नाहीस तोवर सुखी होतीस," मी म्हणायचो. आता आठवलं की माझीच जीभ हासडावीशी वाटते.

पाचवा धडा शिक्क्यांचा होता. मी हातातली छिन्नी ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, बघू तर खरं, ही पिवळी चिमणी मला काय शिकवते.

वकीलबाई म्हणाल्या, "कराराच्या वर कोऱ्या समासात जो जादा शिक्का मारून देतात, त्याला आपण सोडलेला शिक्का म्हणतो. काही लिहायचं चुकलं तर समोरच्यानं परस्पर दुरुस्त करावं, पुन्हा यायला लागू नये, ही सोय. पण लक्षात घ्या, कागद ज्याच्या हातात, तो तुमच्या त्या शिक्क्याशेजारी 'इतकी अक्षरं वगळली' असं लिहू शकतो. दुरुस्ती किरकोळ चुकांपुरतीच, असं कायदा म्हणतो. पण मूळ कागदात काय होतं, हे मग तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं."

सेत्सुयोनं टॅबवरची नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं.

त्याचं असं झालं होतं. नोव्हेंबरात शहरातल्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीनं तिच्याशी करार केला. गाव रिकामं होत चाललंय, सहा पिंपांचा मिसो गल्ली किती खाणार? पाच वर्षं सगळा माल कंपनी उचलणार, दुसऱ्या कुणाला विकायचा नाही. आणि चौथ्या कलमाच्या शेवटी एक छोटी ओळ: दुकानातली विक्री वगळून. त्या ओळीवर तिची फळी उभी होती. कंपनीचे आओयागी म्हणून चाळिशीचे गृहस्थ कागद घेऊन आले, हिच्या शिक्क्याची शाई वाळलेली, म्हणून दोघं माझ्या दुकानात आले. तिचा चष्मा घरी राहिलेला. करार मीच मोठ्यानं वाचून दाखवला. शिक्का मारताना तिचा हात मीच धरला. आणि वर म्हणालो, "समासातही एक मारून टाक. नाहीतर एका अक्षरासाठी बिचाऱ्यांना दोन तासांचा प्रवास पुन्हा."

कुणी विचारलं होतं मला? पण चाळीस-पन्नास वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगत आलो. तो शिष्टाचार होता हो! न मारणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर "मला तुमचा भरवसा नाही" म्हणण्यासारखं. मूळ कागद एकच, तो आओयागी घेऊन गेले. "झेरॉक्स टपालानं पाठवतो," म्हणाले. तीन महिने झाले, झेरॉक्स आली नव्हती, आणि हिनं मागितली नव्हती. का, तर मागणं बरं दिसत नाही!

"माग आता," मी म्हटलं.

"कसं मागू? त्यांना वाटेल मी संशय घेतेय."

"अगं बाई, घेतेयसच की!"

दोन दिवस ती माझ्या दुकानात येऊन फोन उचलायची आणि ठेवायची. बुधवारी तिनं फळीवर वाडगा भरताना मिसो सांडला, सतरा वर्षांत पहिल्यांदा. मलाही झोप नव्हती. डोळे मिटले की गावातली माणसं दिसायची, आणि प्रत्येकाच्या कागदाच्या समासात मी मारायला लावलेला लाल ठिपका. गुरुवारी दुपारी अखेर तिनं फोन लावला. आणि काय म्हणावं? "तुमची झेरॉक्स माझ्याच हातून हरवली बहुतेक, चूक माझीच, फार फार माफ करा, पुन्हा पाठवाल का?" न आलेला कागद हरवल्याबद्दल ती रिसीव्हरला वाकून वाकून नमस्कार करत होती. मी कपाळावर हात मारला.

"फॅक्स करतो लगेच," आओयागी म्हणाले. तिनं माझ्या दुकानाचा नंबर दिला.

आमचा फॅक्स म्हातारा आहे. कागद बोट बोट करत बाहेर टाकतो, वरची बाजू आधी. आम्ही दोघं त्याच्यावर ओणवे होतो. आधी कोरा समास आला. मग तिचा शिक्का, मीच कोरलेला, नावाला कडेनं बारीक गोलाई. आणि त्याच्या शेजारी हातानं लिहिलेलं: अकरा अक्षरं वगळली.

"कुठली?" ती पुटपुटली. "काका, कुठली अकरा?"

मला काय माहीत! यंत्र कुरकुरत होतं. पहिलं कलम आलं, स्वच्छ. दुसरं आलं, स्वच्छ. तिनं माझी बाही घट्ट धरली होती. तिसरं. देवाशपथ सांगतो, एवढा मी बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशीही भ्यालो नव्हतो. मग चौथं कलम आलं, आणि त्याच्या शेपटीवर सरळ, पट्टीनं मारलेल्या दोन रेघा. मी बोटानं खोडलेली अक्षरं मोजली. अकरा.

तिची फळी खोडली होती.

सेत्सुयो मटकन खाली बसली. "उद्या कुणी वाडगा घेऊन आलं तर मी काय सांगू?" एवढंच ती म्हणाली, दोनदा. मी शिव्या दिल्या, कंपनीला आणि स्वतःला, आणि मग शिव्याही संपल्या. ती थोड्या वेळानं उठली, वहीतलं पाचव्या धड्याचं पान उघडलं आणि मी काही म्हणायच्या आत पुन्हा फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

आओयागी मधाळ बोलत होते. "मुख्य कचेरीनं किरकोळ दुरुस्ती केली हो. समासातला शिक्का तुमचाच आहे ना?"

"शिक्का माझा आहे," ती म्हणाली. आवाज जेमतेम ऐकू येत होता. "ओळ काढायला मी सांगितलं नव्हतं. ही किरकोळ चूक नाही. धड्यात... कायद्यात तसं आहे."

"अशी ओळ होती, याला काही आधार?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रिसीव्हर घेतला. शिक्केवाल्यानं 'माझा सल्ला चुकला' असं लिहून दिलं की गावात उरलीसुरली पत गेली. "आधार मी आहे," मी म्हटलं. "ती ओळ मी वाचली, तुम्ही माझं वाळवलेलं पर्सिमनचं फळ खात ऐकली, आणि मान डोलावलीत. समासात शिक्का मारायला लावणारा गाढवही मीच. हे सगळं मी लिहून, वर माझा सरकारदरबारी नोंदवलेला शिक्का मारून देतो, आणि पहिली प्रत व्यापारी मंडळात लावतो."

"चौकशी करून कळवतो," ते म्हणाले.

चार दिवस. त्या चार दिवसांत ती माणसांना मिसो देत होती, पण प्रत्येक वाडगा चोरीचा असल्यासारखा, रस्त्याकडे बघत. सोमवारी आओयागी आले, थेट माझ्या दुकानात. मिठाईचा डबा, कमरेत वाकून माफी, आणि नवा कागद, या वेळी दोन मूळ प्रती. सेत्सुयो चष्मा घालून आली होती. तिनं स्वतः वाचलं, बोट ठेवून, सावकाश. चौथ्या कलमापाशी थांबली. ओळ होती. खाली शिक्का मारला, दोन्हींवर.

आओयागींनी कागद तिच्याकडे जरासा सरकवला आणि सवयीनं, अगदी नम्रपणे म्हणाले, "वर समासातही एक असू द्या ना."

मी तोंड उघडलं होतं, पण तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"नाही," सेत्सुयो म्हणाली.

चोपन्न वर्षांची बाई, आणि असा सरळ नकार मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आओयागींचा चेहरा पडला. "एक अक्षर जरी चुकलेलं निघालं, तरी मला दोन तासांचा प्रवास करून पुन्हा यावं लागेल हो," ते म्हणाले.

"या ना," ती म्हणाली आणि शिक्का पिशवीत टाकून नाडी ओढली. "घरून वाडगा घेऊन या."