नाडीखालचं गजकर्ण

नव्वद सालानंतरची ती वर्षं. रोह्याच्या एका कंपनीत मला टायपिस्टचं काम लागलं आणि मी जवळच्या वरसे गावात एका शेतकरी घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहू लागले. आमचं घर पेणजवळ जोह्याला. तिथून रोज जाणंयेणं जमण्यासारखं नव्हतं. तेविसावं वर्ष चालू होतं आणि त्याआधी मी कधी एकटी एका खोलीत झोपले नव्हते.

ऑफिसात बाई म्हणून मी एकटीच. साडी नेसून जावं लागे. पावसाळ्यात वरश्याहून चालत जाताना छत्री डोक्यापुरतीच उपयोगी पडायची. परकर गुडघ्यापर्यंत भिजायचा, ओल हळूहळू वर चढायची आणि मी तशीच संध्याकाळपर्यंत मशीनसमोर बसून राहायचे. खोलीवर आल्यावर कपडे धुऊन आतच दोरीवर घालायचे. परकर आणि आतले कपडे दोरीवर, त्यांच्यावर साडी पसरलेली. ही आईची शिकवण. बाईमाणसाचे असले कपडे कुणाच्या नजरेला पडू नयेत. सकाळी ते दमटच असत. तेच अंगावर चढवायचे.

जुलैत कंबरेला, बरोब्बर नाडी बांधायच्या जागी खाज सुटली. आरशात पाहिलं तर रुपयाएवढा गोल चट्टा. कड लाल आणि फुगीर, मध्ये मात्र कातडी साफ. गजकर्ण म्हणतात ते हेच, एवढं मला कळत होतं. पण सांगणार कुणाला?

मेडिकलच्या दुकानात नेहमी पुरुषांची गर्दी. ती पांगेपर्यंत मी बाजूला उभी राहिले आणि मग हळूच म्हणाले, ‘‘खाजेवर काही मलम द्या.’’ दुकानदाराने कुठे, कधीपासून, काही विचारलं नाही. एक ट्यूब पुढे सरकवली. दोन दिवसांत खाज थांबली, लाली गेली. मला वाटलं, सुटले. ट्यूब संपली आणि आठवड्याभरात एकाचे तीन चट्टे झाले. मी दुसरी ट्यूब आणली, मग तिसरी. ऑगस्ट संपता संपता कंबरेभोवती पट्टा बांधावा तसं ते पसरलं, मांड्यांवरही उतरलं. काही ठिकाणी कातडी इतकी पातळ झाली होती की नखाचा धक्का लागला तरी रक्त यायचं.

मग मी माणसं टाळू लागले. घरमालकीण, त्यांना मी काकी म्हणायचे, संध्याकाळी चहाला हाक मारायच्या. त्यांच्या चटईवर बसायला नको म्हणून मी डोकं दुखतंय असं सांगायचे. चारपाच वेळा असं झाल्यावर त्यांनी हाक मारणं सोडलं. ऑफिसातून आल्यापासून सकाळपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलत नव्हते. एकदा कंपनीतल्या मुकादमाने काहीतरी विचारलं तर माझा आवाज बसल्यासारखा निघाला, तेव्हा लक्षात आलं की आदल्या दुपारपासून मी तोंडच उघडलेलं नाही.

गणपतीआधी एका शनिवारी घरी गेले. बाबांच्या मूर्तींच्या कारखान्यात त्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस लागतं. मूर्तींचे दागिने रंगवायचं काम लहानपणापासून माझं. मी ब्रश घेऊन बसले आणि हात सारखा कंबरेकडे जाऊ लागला. आईने पाहिलं. आत नेऊन साडी सैल करायला लावली. मग तिने दार लोटून घेतलं.

‘‘कुणाला सांगितलंस?’’

‘‘नाय.’’

‘‘सांगू पण नको. दिवाळीनंतर बघायला येणार हायत. आन् यंदा मूर्तींना हात नको लावूस.’’

तिने माझा टॉवेल वेगळ्या खुंटीवर टांगला. रागाने नाही, घाबरून. मी आतल्या खोलीत बसून बाहेरचं बोलणं ऐकत राहिले. बाबांनी दोनदा विचारलं, ‘‘ती कुठं गेली?’’ आई म्हणाली, ‘‘बरं वाटत नाय तिला.’’ रविवारी संध्याकाळच्या गाडीने निघायचं ते मी सकाळीच निघाले. कुणी थांब म्हणालं नाही.

गणपतीला सुट्टी मिळत नाही असं घरी कळवलं. ते खोटं होतं, कंपनी दोन दिवस बंद होती. काकींच्या घरी दीड दिवसाचा गणपती. आरत्या चालू असताना मी दार लावून कॉटवर बसले होते. आरती संपल्यावर दार वाजलं. काकी मोदकांची ताटली घेऊन उभ्या होत्या.

‘‘सणाला घरी नाय गेलीस?’’

मी दारातून बाजूला सरले. त्या आत आल्या. दोरीवरची साडी त्यांनी उचलली, खालच्या परकराला हात लावला, नाकाशी धरला.

‘‘हे कधीपासून असंच वाळतंय गो?’’

‘‘पाऊस सुरू झाल्यापासून.’’

त्यांनी दार लावून घेतलं. ‘‘कुठं खाजतं? कमरेला?’’

मला रडू फुटलं. त्या जवळ आल्या नाहीत की पाठीवरून हात फिरवला नाही. उभ्या उभ्या त्यांनी स्वतःच्या लुगड्याचा ओचा सोडला आणि कंबर दाखवली. तिथली कातडी काळी आणि जाड झाली होती, म्हशीच्या कातडीसारखी.

‘‘पंधरा वर्सं झाली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लावणीला दिवसभर पाण्यात वाकायचं, भिजल्या लुगड्याने घरी यायचं. टाकळ्याचं बी लिंबात वाटून लावलं, गंधक लावला. जातं न् येतं. कुणाला सांगितलं नव्हतं. आज तुला दाखवलं.’’

ओचा परत खोचत म्हणाल्या, ‘‘पेणला कातडीचा डॉक्टर हाय म्हणतात. तू येशील तर मी येईन.’’

पुढच्या सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि आम्ही पेणच्या गाडीत बसलो. काकींनी घरी सांगितलं होतं की भाचीकडे जातेय.

डॉक्टर उतारवयाचे होते. माझ्या तिन्ही रिकाम्या ट्यूब मी पिशवीतून नेल्या होत्या. त्या पाहून त्यांनी मान हलवली. ‘‘यात खाज आणि सूज दाबणारं औषध आहे. तुम्हाला वाटतं बरं झालं. पण ज्या बुरशीमुळे हे होतं ती आत वाढतच राहते, उलट तिला मोकळं रान मिळतं. हे आजपासून बंद.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘लग्न झालंय?’’

मला ते झोंबलं. ‘‘नाही. का?’’

‘‘या गोळ्या गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून सगळ्यांना विचारतो.’’

एवढं साधं उत्तर. महिन्याभरात माझ्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

गोळ्या जेवणानंतर दुधाबरोबर घ्यायच्या. मलम चट्ट्यावरच नाही, कडेच्या बाहेर दोन बोटं लावायचं, आणि चट्टे दिसेनासे झाले तरी पुढे दोन आठवडे लावत राहायचं. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करायचं. टॉवेल कुणाचा घ्यायचा नाही, द्यायचा नाही. नायलॉनचा परकर नको, सुती हवा. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, ऊन नसेल तर उलटे करून इस्त्री फिरवायची, नाडीच्या पट्टीवर जास्त. भिजून ऑफिसात पोचलात तर कोरडा परकर बदला. हे शेवटचं इतकं उघड होतं की मला माझीच लाज वाटली.

काकींना तपासून त्यांनी विचारलं, ‘‘घरात आणखी कुणाला आहे?’’

काकी खाली बघत म्हणाल्या, ‘‘मालकांना हाय. जांघेत.’’

‘‘त्यांना घेऊन या. एकानेच औषध घेतलं तर तुम्हाला परत त्यांच्याकडून होईल. तोवर अंथरूण-पांघरूण वेगळं ठेवा.’’

दुसऱ्या दिवशी काकींनी पुढच्या अंगणात, अगदी रस्त्याच्या बाजूला दोरी बांधली आणि ऊन पडल्याबरोबर आम्हा दोघींचे सगळे कपडे त्यावर घातले. काका ओटीवरून ओरडले, ‘‘गावाला काय प्रदर्शन दाखवायचं हाय?’’

‘‘औषध हाय ते,’’ काकी म्हणाल्या आणि चिमटे लावत राहिल्या.

काका डॉक्टरकडे मात्र आले नाहीत. ‘‘मला काय झालंय? बायकांची थेरं.’’ काकींनी वाद घातला नाही. माजघरात स्वतःची खाट टाकली, वेगळी गोधडी, वेगळी उशी. घरातली सून कुजबुजली, शेजारणी हसल्या.

दिवाळीपर्यंत माझे चट्टे गेले. काळसर डाग वर्षभर राहिले. आईला कळवलं तेव्हा ती ‘बरं झालं’ एवढंच म्हणाली. पुढच्या गणपतीत मी पुन्हा दागिने रंगवायला बसले. कुणी अडवलं नाही, पण आईचं लक्ष माझ्या हातांकडे होतं. त्या दिवाळीनंतर बघायला आलेली माणसं होकार न देता गेली, त्याला कारण दुसरंच होतं. मी आणखी दोन वर्षं त्याच खोलीत राहिले. काकींशी जिव्हाळा होता, पण त्यांना त्यांचं घर होतं आणि मला माझी खोली. संध्याकाळी चहा पिऊन मी परत यायचे तेव्हा खोली तशीच असायची.

नंतर माझं लग्न झालं, नोकरी सुटली. एकदा कोलाडला नातेवाइकांकडे आले होते तेव्हा वाट वाकडी करून वरश्याला गेले. काकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. कंबर साफ झाल्याचं त्यांनी आपणहून सांगितलं.

‘‘आणि काका?’’

‘‘ते पण गेले की पेणला. एकटेच, कुणाला न सांगता. आता बरं हाय.’’

माजघरात खाट अजून होती. मी तिकडे पाहिलं हे त्यांना दिसलं.

‘‘ऱ्हाऊ दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांनी पण परत ये म्हटलं नाय.’’

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला ठेवला. मी थोडा वेळ त्यांच्यासोबत निवडायला बसले. मग गाडीची वेळ झाली.