थप्पीचा श्वास

सौंदडच्या गिरणीतला दलाल एका जागी कधी बसत नाही. मी धानाचा भाव पाडायला तोंड उघडावं, तर हा यंत्राच्या पट्ट्याचा आवाज ऐकायला निघून जातो आणि येतो तो निराळाच विषय घेऊन. गोंदियाच्या डॉक्टरने याला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं, म्हटलं आहे. मी याला अपमान म्हणायचो.

एका दुपारी पोत्यांच्या उंच थप्पीला खुर्ची टेकवून मी ओरडलो, "माझ्याकडे पाहून बोल ना बे!"

तो माझ्या डोक्यावरून मागच्या थप्पीकडे पाहत होता. "शेटजी, पोते श्वास घेऊन राहिले."

"भाव बोल!"

त्याने कॉलर धरून मला ओढलं. मागे थप्पी कोसळली आणि खुर्ची पोत्यांखाली दिसेनाशी झाली. खालच्या पोत्यातून केव्हाचं धान गळत होतं, म्हणून थप्पी हलत होती. माझी नजर भावावर होती, त्याची सगळीकडे. धूळ बसण्याआधीच तो कौलातली चिमणी पाहू लागला.

तो सौदा त्याने अर्धाच सोडला, याचा राग अजून आहे. पण त्याची नजर भटकत असली की मी निर्धास्त बसतो. काल तो बोलता बोलता थांबला आणि माझ्या मागे टक लावून पाहत राहिला.

मी मागे न बघताच उठलो.