क्लिपमधलं भासऱ्याचं नाव

ते प्रकरण आठवलं की आजही आधी माझेच कान तापतात. निवडणुकीतली एक क्लिप पोलीस ठाण्याच्या ग्रुपवर टाकायला गेलो, अंगठा चुकला आणि ती आमच्या घरच्या ग्रुपवर गेली. सासुरवाडीपर्यंत पसरली. ठाण्याचा प्रभारी मी, आणि अफवा पसरवणाराही मीच!

लालबर्ऱ्याकडच्या एका गावात सरपंचाची निवडणूक होती. दोन दिवसांवर मतदान. क्लिपमध्ये सरपंचपदाला उभ्या असलेल्या बाईचा आवाज होता: निवडून आले की खालच्या टोल्याचा, म्हणजे खालच्या वस्तीचा, नळ बंद करीन. पुढे थोरल्या दिराचं नाव घेऊन, "ते बघून घेतील." तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला, "साहेब, खालचा टोला लाठ्या काढून राह्यला."

बाईला जबाबासाठी बोलावलं. सोबत सासू आली.

"आवाज तुमचाच आहे ना?"

"हौ, आवाज माहाच हाय साहेब. पण बोलली मी नाही."

असं उत्तर जबाबात कसं लिहायचं, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात सासू म्हणाली, "सून माही भांडखोर हाय, हे खरं. पण भासऱ्याचं, थोरल्या दिराचं, नाव? आमच्याकडं सुना ते घेत नाहीत. दवाखान्यात डॉक्टरनं त्याचं नाव इचारलं तरी 'मोठ्या घरचे' म्हणे ही!"

मग प्रश्न उरला, हिचा आवाज कोणाच्या हाती होता? प्रचाराच्या रिक्षासाठी तिचं भाषण लालबर्ऱ्याच्या एका फ्लेक्सवाल्यानं रेकॉर्ड केलं होतं. तो दोन्ही बाजूंचं काम करायचा. ठाण्यात त्याचं एकच पालुपद, "सर, मैंने कुछ नहीं किया."

मी विचारलं, "तेरी माँ तेरे ताऊ का नाम लेती है क्या?"

ताऊ म्हणजे त्याच्या आईचा भासराच. तो हळूच म्हणाला, "नहीं सर. सामनेवालों ने जो लिख के दिया, वो डाल दिया. कम्प्यूटर ने उसकी आवाज़ में बोल दिया."

गुन्हा नोंदवला, त्याचा फोन आणि कम्प्यूटर जप्त करून तपासणीला पाठवले. पण तो अहवाल येईपर्यंत टोला थोडाच थांबणार होता? संध्याकाळी दोन्ही बाजूंना चौकात बसवलं, बायांना पुढे घेतलं आणि भोंग्यावर क्लिप लावली. दिराचं नाव येताच एक म्हातारी ओरडली, "अवो माय! भासऱ्याचं नाव घेतलं हिनं?" आधी बाया हसल्या, मग गडी. लाठ्या घरी गेल्या. माझा जीव भांड्यात पडला.

बाई निवडून आली. हरली असती तरी चाललं असतं. फक्त न बोललेल्या शब्दांपायी हरायला नको होती. यंत्राला आवाज काढता येतो, पण त्याला सासर नसतं. हे मला वर्दीनं नाही, त्या सासूनं शिकवलं.

घरी येऊन सगळं बायकोला ऐटीत सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, "मले बी आता खोटी क्लिप ओळखता येते. तुमच्या आवाजात 'माहं चुकलं' आलं ना, की समजायचं, हे आमच्या घरचे नव्हत."