मावशींना ठोकलेला सलाम

“पाय तुझेच मां गो? की भाड्यान हाडलंस?” झाडू कमरेला टेकवून मावशी विचारायच्या आणि परेडच्या सरावाची आमची अख्खी रांग फिसकन हसायची.

मावशी म्हणजे मरोळच्या आमच्या शाळेतल्या शिपाईबाई. मूळच्या मालवणच्या. घंटा द्यायची, बाकं पुसायची आणि वर शिक्षकांनाही दटावायचं, सगळं त्याच करत.

भाड्याच्या पायांची ती पोरगी म्हणजे मी. आमच्या चाळीत पहिला कलर टीव्ही आला, तेव्हाची गोष्ट. तुमच्याही वर्गात असं एक ध्यान असेलच बघा: उजवा पाय टाकला की उजवाच हात पुढे! एरवी मी नीट चालायचे हो. ‘तेज चल’ ऐकलं की संपलं. शेवटी ड्रिलच्या सरांनी सांगून टाकलं, “शनिवारपर्यंत जमलं नाही तर तू रांगेबाहेर.”

वाट लागली! बाबांनी चाळभर सांगून ठेवलं होतं, सव्वीस जानेवारीला आमची पोरगी परेडमध्ये आहे म्हणून. शाळा सुटल्यावर मी जिन्यात बसून रडत होते. मावशींनी पाहिलं. बाकं पुसायचं फडकं टर्रकन फाडलं, एक चिंधी माझ्या डाव्या मनगटाला बांधली, दुसरी उजव्या घोट्याला.

“आता डोक्या चलव नको. चिंधी पुढे, चिंधी मागे. चल!”

रिकामी बादली पालथी घालून त्या झाडूच्या मुठीने ताल धरायच्या. चार दिवस व्हरांड्यात हेच. शनिवारी सर माझ्या पायांकडे बघतच राहिले. मी रांगेत राहिले.

“मावशी, बघायला याल ना?”

“मी खय बघतंय गो? पाव्हण्यांची चाय कोण करतला?”

इतक्या वर्षांत त्यांनी एकही परेड पाहिली नव्हती. जिन्याखाली स्टोव्ह, तिथून भिंतच दिसायची.

सव्वीस जानेवारी. ढोल वाजला, आम्ही निघालो. हात-पाय झकास पडत होते. मंचासमोर आलो, “दाहिने देख!” झालं. अख्ख्या रांगेने उजवीकडे पाहुण्यांना सलामी दिली. त्याच क्षणी डावीकडे जिन्याखालून मावशी बाहेर आल्या, हातात चहाची गाळणी. माझी मान गेली डावीकडे आणि मी कडक सलाम ठोकला तो त्यांना.

मावशी गांगरल्या. मग त्यांनी ताठ उभं राहून गाळणीसकट हात कपाळाला लावला. चहा टपटप पदरावर गळत होता.

सर नंतर माझ्यावर धावून आले, तर मावशी मध्ये उभ्या. “माका सलाम केल्यान चेडवान. तुमका कित्याक राग?” परेड बघायला आलेले बाबा म्हणाले, “मान चुकली, पण पाय बरोबर पडले हो!” आणि हसत सुटले.

मी मावशींना साधं थँक्यू म्हटलं नाही. आपल्या माणसांना तसं म्हणायची आमच्यात पद्धतच नव्हती. आता रोज म्हणावंसं वाटतं.

पुढच्या वर्षी मावशी कायमच्या गावाला गेल्या होत्या. जिन्याखाली दुसऱ्याच बाई चहा गाळत होत्या. “दाहिने देख!” माझी मान अगदी बरोबर उजवीकडे वळली. सरांनी मान डोलावली. मी पाहुण्यांकडे बघत, एकही पाऊल न चुकवता, घळाघळा रडत चालले होते.