बघितल्याशिवाय ओके नाही

आमच्या पप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, देव सोडून कशावरही विश्वास नव्हता. दूधवाला, गॅसचा सिलिंडर, माझ्या नवऱ्याचं "पाच मिनिटांत येतो", सगळे त्यांच्या लेखी संशयित. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी जन्मभर तयार माल तपासला होता. "बघितल्याशिवाय ओके नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नातीच्या दुधाचा थेंबसुद्धा आधी स्वतःच्या मनगटावर टाकायचे, मग बाटली तिच्या तोंडाला.

संशयात मीही काही कमी नव्हते. लातूरची हिंदू मुलगी मी, कासारवाडीच्या या ख्रिस्ती घरात लग्न करून आले, तेव्हा आईनं बजावलं होतं, "गोड बोलून त्यांच्यात ओढतील बघ तुला. उपास तेवढा सोडू नको!" त्यामुळे जेवणाआधी पप्पा डोळे मिटून प्रार्थनेत एकेकाचं नाव घ्यायचे, तेव्हा मी एक डोळा उघडा ठेवायची. त्यात माझ्या आईचंही नाव असायचं. म्हटलं, आता तिलाही ओढतात की काय!

खरा संशय संकष्टीचा. माझ्या माहेरी चंद्र डोळ्यांनी बघूनच उपास सोडतात. मी गरोदर होते त्याच वर्षी आमच्या गच्चीसमोर टॉवर उभा राहिला आणि चंद्र गायब झाला. "कॅलेंडरात वेळ दिलीय, जेव की," नवरा म्हणायचा. पप्पा मात्र टोपी घालून बाहेर पडायचे आणि बऱ्याच वेळानं धापा टाकत परत यायचे. "दिसला गं. चल, जेवू." तोवर तेही उपाशीच.

मला वाटायचं, कोपऱ्यावर चहा पिऊन येतात आणि थाप मारतात. सुनेचा उपास सुटावा म्हणून की मोडावा म्हणून, तेवढंच कळायचं नाही. एकदा तर कॅलेंडरातली वेळ टळून गेली तरी म्हणाले, "ढग आहेत. थांब जरा." पोटात कावळे ओरडत होते, मी चिडलेच. "पप्पा, खरंच बघता का हो तुम्ही?"

"मी बघितल्याशिवाय ओके देतो का?" म्हणून हसले आणि गुडघा चोळत बसले.

मागच्या महिन्यात पप्पा गेले. दफनविधीला चर्च भरलं होतं. दूधवालाही आला होता, ढसाढसा रडत होता बिचारा.

नंतरची पहिली संकष्टी. "दिसला गं" म्हणायला कुणी नाही. नवऱ्यानं कॅलेंडर पुढे केलं, मी चपला घातल्या. गल्लीतून कुठूनच चंद्र दिसेना, म्हणून स्टेशनपर्यंत गेले. पादचारी पुलाच्या पायथ्याशी एक म्हातारी शेंगा विकत होती. तिला विचारलं, "मावशी, चंद्र कुठून दिसतो हो इथं?"

"वर जा की पुलावर. ते टोपीवालं बाबा जायाचं बघा दर चतुर्थीला, कठडा धरून धरून. गुडघं लई दुखायचं त्यांचं. म्या म्हणायची, कशाला चढता? तर म्हणायचं, 'सुनंचा उपास हाय.' ह्या खेपंला आलं न्हाई व्हय?"

त्यांनी धरलेला तोच कठडा धरून वर गेले. टॉवरच्या बाजूनं चंद्र लख्ख वर आला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत उभी राहून मी मनसोक्त रडले.

घरी आले तर नवरा ताट वाढून, न जेवता बसला होता. "दिसला?"

"बघितला," मी म्हटलं. "ओके."