बाबांना कमी ऐकू येतं

बाबांना स्मृतिभ्रंश झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा पनवेलच्या आमच्या सोसायटीत मी वेगळंच सांगितलं, "बाबांना हल्ली कमी ऐकू येतं." वेडा म्हातारा म्हणून कुणी त्यांच्याकडे बघू नये, एवढंच माझ्या मनात होतं.

लोकांना ते लगेच पटलं. बाबा खाली बाकावर बसले की जो तो त्यांच्या कानाशी येऊन मोठ्यानं बोलू लागला. बाबांचे कान उत्तम होते. समोरचा माणूस कोण हे त्यांना आठवत नसे. तो आपल्यावर ओरडतोय, एवढंच कळे. ते खाली यायला घाबरू लागले.

एकदा समोरच्या घरातल्या काकू जिन्यात अशाच मोठ्यानं बोलल्या. बाबांनी माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, "माझं काय चुकलं?"

त्या संध्याकाळी मी काकूंकडे जाऊन खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी सांगायचंस ना. मी उगाच ओरडत राहिले."

हळूहळू सगळ्यांना कळलं. दोन घरांनी मुलांना बाबांजवळ जाऊ देणं बंद केलं. काकू मात्र रोज बाकापाशी येऊन हळू आवाजात सांगत, "मी तुमच्या समोरच्या घरातली." बाबा सरकून त्यांना जागा करून देत.